शेवटच्या नळाची बाटली

नळाचं पाणी तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि औषधाचे चार-पाच थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असेल तर रंग पिवळा होतो, नसेल तर पाणी होतं तसंच राहतं. शाळेतल्या पोरालाही जमेल. आमच्या गावच्या नगरपरिषदेत हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. पाणी सुटेल त्या सकाळी गावातल्या सहा नळांवर जायचं, पाणी तपासायचं, वहीत लिहायचं.

सहा नळांवर मी जात नव्हतो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

सुरुवातीला जायचो. मग टाकीजवळचे दोन नळ तपासून उरलेल्या चार रकान्यांतही तेच उतरवायला लागलो. माझ्या आधीचे गृहस्थ तसंच करायचे, जाताना मलाही शिकवून गेले. "एकाच टाकीतून जातं ना पाणी? मग वेगळं कुठून येणार?" ऐकायला बरोबर वाटतं. पण टाकीपासून लांब जाता जाता क्लोरीन संपत जातं, जुने पाइप गटारीला लागून गेलेले असतात, आणि पाणी दिवसाआड सुटत असल्यानं रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. मला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तर माझ्या घरी पाण्याचं मशीन बसवलेलं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी सर्वसाधारण सभा होती आणि विषयपत्रिकेवर दोन कामं होती. एक, शुद्धीकरण केंद्रातली गाळणीची वाळू बदलायची आणि गावाच्या शेवटच्या वस्तीचा पाइप नवा टाकायचा. दुसरं, स्टँडजवळ स्वागत कमान. यंदा दोन्हीपैकी एकच होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सभेआधी आमचे व्हॉल्व्हमन जिन्यात भेटले. गावाला पाणी सोडायचे व्हॉल्व्ह तेच फिरवायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं घर शेवटच्या वस्तीतच होतं. त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली थंड पेयाची बाटली पुढं केली.

"सायेब, आमच्या नळाचं हाय. आत्ताच भरून आनलंय. वास येतोय. सभेत तेवढं टाकून दावा सगळ्यांस्नी."

"मामा, तुम्हीच या की आत."

"मला व्हॉल्व्ह फिरवायचा हाय. आन् तिथं मला कोन इचारतंय? तुमी केलं म्हंजी झालं."

मी बाटली पिशवीत ठेवली.

सभेत शेवटच्या वस्तीचे नगरसेवक उठले आणि म्हणाले, आमच्याकडं बादलीच्या तळाला गाळ बसतो, पाण्याला वास येतो, तुमचे व्हॉल्व्हमनसुद्धा सांगतात. समोरच्या बाकावरचे एक जुने सभासद लगेच म्हणाले, "मामांना पाण्याचा वास येतो, आम्हाला मामांच्या तंबाखूचा." सगळे हसले. मीही हसलो.

नगराध्यक्षा म्हणाल्या, "वाद कशाला? तपासणारे इथंच बसलेत. करा हो, सगळ्यांसमोर करा."

माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता. तशी एखादी गोष्ट रचून सुटता आलं असतं, पण तसं काही झालं नव्हतं. कमान होवो नाहीतर पाइप होवो, मला काय? मला भीती होती ती वहीची. वही टेबलावर उघडी होती आणि शेवटच्या वस्तीच्या रकान्यात त्या सकाळचीही नोंद होती, पिवळा. बाटलीतलं पाणी तसंच राहिलं असतं तर पुढचा प्रश्न एकच होता: मग हे कुणी लिहिलं?

मी उठलो. पिशवीला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या बेसिनशी जाऊन काचेची नळी भरली. नगरपरिषदेची इमारत टाकीच्या पायथ्याशी आहे. तिथल्या पाण्याचा रंग कसा येणार, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. थेंब टाकले. पाणी पिवळंधमक झालं. मी नळी वर धरून सगळ्यांना दाखवली.

शेवटच्या वस्तीचे नगरसेवक म्हणाले, "पण हे इथलं आहे."

"गावाला हेच जातं," मी म्हणालो.

बाकं वाजली. वाळू आणि पाइपाचा विषय पुढच्या वर्षी घ्यावा असं ठरलं. कमान मंजूर झाली. सगळं मिळून पाव तासात.

दुपारी मामा सायकल भिंतीला लावून आत आले.

"काय आलं, सायेब?"

"पिवळं."

"माझ्या बाटलीचं?"

मी समोरची फाइल उघडली. "हो."

त्यांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं बगा. न्हाई, पोरगी आलीया न्हवं, पयल्या बाळंतपनाला. जावई सुप्याला कंपनीत हायती. म्हनले, आठवा लागायच्या आत घेऊन जावा. तवापासनं तिची आई रोज हंडा-हंडा पानी उकळत बसती. म्या म्हनलं, जरा थांब, सायबाला इचारून येतो. आता सांगतो तिला, की तपासून झालंय."

"उकळून प्यायलेलं बरं, मामा." हे वाक्य मी म्हणालो नाही. नंतरच्या वर्षांत मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलंय, की कधी कधी वाटतं म्हणालो असेन. नव्हतो म्हणालो. मी फाइल चाळत राहिलो आणि ते सायकलवर बसून निघून गेले.

घरी जाताना मी बाटली त्याच बेसिनमध्ये ओतली. तपासून पाहिली नाही. पिशवीत औषध होतं, नळी होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. तरी नाही.

दीड महिन्यात शेवटच्या वस्तीत कावीळ सुरू झाली. आधी दोन घरं, मग गल्ली. बरेच जण पडले आणि उठले. गरोदर बाईला ही कावीळ जड जाते, हे तेव्हा मला डॉक्टरांकडून कळलं. मामांच्या मुलीला नगरला हलवलं. मी दवाखान्यात गेलो होतो. फाटकापर्यंत. मामा बाहेर पायरीवर बसलेले दिसले आणि मी परत फिरलो. बाळ पोटातच गेलं. चौथ्या दिवशी तीही गेली.

मग तातडीची सभा झाली. वाळू बदलली, पाइप पडला. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझी वही मागितली, पानं उलटली, सगळीकडे पिवळा. दोष पाइपाचा, असा अहवाल गेला. जाताना ते म्हणाले, "नोंदी व्यवस्थित ठेवल्यात." बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सुटलात." त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही. तिला किती कळलं होतं, मला माहीत नाही.

मामा निवृत्त झाले. रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो. माझी मुलगी यंदा पहिल्या बाळंतपणाला घरी आली. बायको तिला पाण्याचा तांब्या देत होती आणि मला त्या घरात बसवेना. मी उठलो आणि मामांच्या घरी गेलो.

ते ओट्यावर लसूण सोलत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वही, बेसिन, बाटली. ते सोलत राहिले. हातातली पाकळी ताटलीत टाकून म्हणाले, "ही म्हनती, म्याच पानी उकळायचं बंद केलं. पोरगी गेली तवापासनं हेच म्हनती. दिवाळीला बी गोड त्वांडात घालत न्हाई."

"मामा, मी..."

"मला नका सांगू. तिला सांगा." आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "अगं, सायेब आल्यात."

मामी बाहेर आल्या. रीतीप्रमाणे आधी पाण्याचा पेला हातात दिला. "बसा की. घ्या, उकळलेलं हाय."

पेला अजून कोमट होता. तो तसाच हातात धरून मी म्हणालो, "मामी, तुमची चूक नव्हती." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बेसिनच्या नळाचं सांगितलं. मामांना "हो" म्हणालो तेही सांगितलं.

त्या दाराच्या चौकटीला धरून ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "मंग येवडी वर्सं मला का जळू दिलं?"

भीती म्हणावी, तर चौकशी केव्हाच संपली होती.

आमच्याकडे पाहुण्याच्या हातातलं पाणी कुणी परत घेत नाही. मामींनी माझ्या बोटांतून पेला काढून घेतला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. मामांनी लसणाची ताटली बाजूला सरकवली.

"जावा आता," ते म्हणाले. "तिला रडू द्या."