कानस हातात घेतलेली पोरं

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. पोरांच्या हातात कानस द्यायची आणि आपण बाजूला उभं राहायचं, ते आपोआप जमतात! परतूरच्या एका हायस्कूलमध्ये मी आठवी ते दहावीला टेक्निकल शिकवायचो. मार्कांचं सगळं विसरलो, पण पोरांचं एक वाक्य विसरलो असेन तर शपथ.

* * *

आठवीचा पहिला जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून दोन इंचाचा चौरस करायचा. ऐकायला सोपं! गंगाधर नावाचा घनसावंगीकडचा पोरगा होता. एक बाजू तिरकी झाली म्हणून त्यानं दुसरी घासली. ती जास्त गेली म्हणून तिसरी. असं महिनाभर चाललं. शेवटी त्यानं माझ्या तळहातावर जे ठेवलं, ते सुपारीएवढं होतं!

"सर, चारी कोपरे बराबर आलेत बघा."

मी काटकोन तपासायचा गुण्या लावला. खरंच, चारी काटकोन बिनचूक!

"अरे, पण बाकीचं लोखंड कुठंय?"

"खाली सांडलंय सर. गोळा करून आणू का?"

चिडावं की पाठ थोपटावी, मला कळेना. मी पाठ थोपटली. फळ्यावर फिटिंग शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

* * *

याच गंगाधरचे वडील एकदा तणतणत आले.

"मास्तर, घरी कुदळ हाय, पहार हाय, घण हाय. लोखंड बडवायला शाळंत कशाला धाडू? पेन धरायला धाडलाय मी त्याला!"

मी चहा पाजला, समजावलं. काही उपयोग झाला नाही. "पुढच्या आठवड्यात नाव काढतो," म्हणून गेले.

पुढच्या आठवड्यात खरंच आले. काखेत गोणपाटाचं बोचकं! मला वाटलं, पोराचं सामान न्यायला आणलंय. त्यांनी बोचकं टेबलावर सोडलं. आत विळे. अख्ख्या गल्लीचे!

"पोरगं झकास धार लावून राह्यलंय, मास्तर. शिकू द्या, बिलकुल थांबवू नका. तवर एवढे तेवढे करून घ्या."

* * *

कौसल्या वाटूरहून एसटीनं यायची. बापाची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. आठवीत तिनं टेक्निकल मागितलं आणि हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

"मुलींना शिवणकाम आहे ना!"

तिचे वडील घोंगडी सावरत म्हणाले, "शिवण तिची माय शिकवीन, सर. मोटरपंप कोन शिकवीन?"

हेडमास्तर तरीही हरले नाहीत. अट घातली. एकट्या कौसल्याला घेऊ. दहावीच्या बोर्डात तिचं प्रॅक्टिकल नीट गेलं तर पुढं मुलींना टेक्निकल उघडं, नाहीतर ही पहिली आणि हीच शेवटची! माणूस वाईट नव्हता हो. कुणा पोरीचं बोट कापलं तर आईबापाला काय सांगू, याच भीतीनं त्यांना झोप लागत नसे.

* * *

कौसल्या नववीत असताना शाळेचा हातपंप कोरडा पडला. तिनं आणि तिच्याच वर्गातल्या गंगाधरनं तो खोलला. आतलं चामडं झिजलेलं! दुसरं कापून बसवलं आणि धो धो पाणी आलं. हेडमास्तर स्वतः ओंजळभर प्यायले.

"शाब्बास! चामडं कुठून आणलं पण?"

कौसल्या खाली बघत म्हणाली, "सर, ऑफिसच्या मागं एक जुनी चप्पल पडली होती."

हेडमास्तरांनी आधी स्वतःच्या पायांकडं पाहिलं, मग ऑफिसच्या दिशेनं. "एकच घेतली ना?"

"एकच, सर. दुसरी ठिवलीय, पुढच्या येळंला."

त्या दिवशी ते अनवाणी घरी गेले. तिचं टेक्निकल आता जातंय, या धास्तीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ते चपलेबद्दल पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत.

* * *

आणि मग दहावीचं प्रॅक्टिकल. त्या वर्षी सातवीतल्या पाच मुली टेक्निकलसाठी अडून बसल्या होत्या. त्यांचं सगळं कौसल्याच्या जॉबवर!

बाहेरून आलेले परीक्षक कडक. गुण्यासुद्धा स्वतःचा आणलेला. कौसल्याच्या जॉबला तो लावून त्यांनी खिडकीकडं धरला. फटीतून उजेड दिसला.

"काटकोन नाही. हे नाही चालायचं."

हेडमास्तर दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. मला बोलायची परवानगी नव्हती.

कौसल्या पुढं झाली. "सर, तुमचा गुण्या देता का जरा?"

तिनं पत्र्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारली. मग तो उलटा करून त्याच टिंबातून दुसरी. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. आमच्या वर्कशॉपात त्याशिवाय कुणी गुण्या वापरतच नसे. इथं दोन रेघा वर जाऊन चांगल्या फाकल्या!

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. स्वतः रेघा मारून पाहिल्या. पुन्हा फाकल्या.

"येताना एसटीत पिशवी पडली होती माझी," ते हळूच म्हणाले. मग आमच्या शाळेचा गुण्या मागून घेतला, तोही उलटसुलट तपासला आणि जॉबला लावला. उजेडाचा कणसुद्धा नाही!

"पोरी, हा जॉब मी नेऊ का? माझा गुण्या यावरूनच दुरुस्त करतो."

"न्या की सर," कौसल्या म्हणाली, "पन आधी मार्क मांडा!"

परीक्षक खो खो हसले. मार्क मांडता मांडता त्यांनी दाराकडं बघून विचारलं, "हेडमास्तर, अशा अजून किती मुली आहेत तुमच्याकडं?"

हेडमास्तरांनी घसा खाकरला.

"जूनपासून पाच!"