कात्रीआबांनी विणलेलं कुंपण

पाण्याच्या टाकीभोवतीचं करवंदाचं कुंपण म्हणजे कात्रीआबांचा जीव की प्राण. माळी म्हणून नोकरीला लागले तेव्हा गुडघ्याएवढी रोपं लावली आणि पुढची बावीस वर्षं एकेक फांदी वाकवून शेजारणीत अडकवत राहिले. "उंदराला आत शिरायचं असेल तर त्यानं आधी अर्ज करावा," असं ऐटीत सांगायचे. हातमोजे कधी घातले नाहीत. मोज्यात बोटं बहिरी होतात म्हणे.

आज त्याच कुंपणाच्या पोटात त्यांची चार वर्षांची नात बसली होती. टिकली तिचं लाडाचं नाव. पाइपासाठी खणलेल्या चरातून, काळीभोर करवंदं तोंडात कोंबत, ती सरपटत आत गेली आणि मध्यावर उठून बसली. तिनं उचललेल्या फांद्या तिच्यामागे खाली बसल्या. आता एक दुहेरी काटा तिच्या उजव्या डोळ्यापासून जेमतेम बोटभर.

पंपवाला कुऱ्हाड घेऊन धावला. हापिसातल्या बाई नाकातून म्हणत राहिल्या की तोडायचं तर आधी वरती कळवावं लागेल. सूनबाई तर स्वतःच चरात शिरायला निघाल्या. आबांनी सगळ्यांना हातानंच मागे सारलं. इथं एक फांदी तोडली की दुसरी उसळते, आणि कोण कोणाखाली दबलंय हे फक्त त्यांनाच ठाऊक.

ते पोटावर आडवे झाले. "टिकले, किती खाल्लीस?"

"तीन."

"थापाडे. इकडे बघ जरा."

"बघू कशी? काटा आहे ना."

नेहमीच्याच खोडकर सुरात आबांनी तिला बजावलं की आता पुतळा पुतळा खेळायचं, हलेल तो ढ. मग बोटांनी चाचपत एकेक फांदी कापू लागले. पांढरा चीक गळून कात्री चिकटायला लागली. शर्टाला पुसायची, पुन्हा घालायची. अर्ध्या तासात हातभर वाट झाली.

शेवटची फांदी जाड. तिनंच डोळ्याजवळच्या काट्याची फांदी वाकवून धरली होती. ही कापली की ती थेट टिकलीच्या तोंडावर बसणार, आणि दोरी बांधायला जागा नव्हती.

आबांनी ती काट्याची फांदी डाव्या मुठीत गच्च आवळली आणि उजव्या हातानं जाड फांदीवर कात्री दाबली. फांदीनं जोरात हिसका दिला. मूठ सुटली नाही.

"ये आता. खाली मान घालून."

टिकली बाहेर आली तशी सगळी मंडळी तिच्यावर तुटून पडली. कोणी पाणी पाजतंय, कोणी डोळे तपासतंय, हापिसातल्या बाईच सगळ्यात मोठ्यानं रडतायत. बऱ्याच वेळानं आजींना जाणवलं की आपला माणूस अजून आतच आहे. वाकून बघतात तर आबा तसेच पालथे, मनगटावरून रक्त ओघळतंय.

"अहो, सोडा ना आता."

"पोर लांब गेली का?"

"गेली."

"नक्की बघून सांग."

आजींनी मागे वळून नीट पाहिलं आणि परत होकार दिला. तेव्हा कुठं आबांनी मूठ उघडली.