मायची उचकी

जेवण झालं की माझ्या मायला उचकी लागायची. मला परळीत दिलं, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्याकडं उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय असं धरतात. मग एकेकाचं नाव घ्यायचं, आणि ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली. माय आधी तिच्या बहिणींची नावं घ्यायची, मग भावजयांची, आणि माझं मुद्दाम शेवटाला ठेवायची. शेवटाला ठेवल्यावर थांबणारच की. पण हे तिला सांगायची कोणाची बिशाद होती?

वडील गेल्यापासून ती चौसाळ्याला एकटीच असते. कितीदा म्हटलं, परळीला चल. तर म्हणते, "तुमच्या त्या वीज केंद्राच्या राखंत कोण राहील? वाळत घातलेलं लुगडं काळं पडतंय तिथं." बोलण्यात तिला कोणी हरवलंय असं मी पाहिलं नाही.

या दिवाळीला माहेरी गेले, तर माय निम्मी झालेली. रात्री भाकरी-ठेचा खाल्ला, मिश्री लावली आणि लगेच बाजेवर आडवी झाली. जराशानं उठून बसली, छातीवर हात धरून काहीतरी गिळलं. आंबट पाणी घशाशी आलं होतं. मग उचकी लागली.

"कधीपासून जळतंय?" मी विचारलं.

"जळतंय लई दिसापासून. खायचा सोडा घेतला की बसतंय." मग हसून म्हणाली, "समूर बसून बी आठवण काढतीस व्हय गं?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तिला बीडला नेलं. छातीचं दुखणं म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी हृदयाची पट्टी काढली. ती चांगली निघाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग ते समजावून बोलले. पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत चढतं म्हणून जळजळ होते. खाऊन लगेच आडवं झालं की ते आणखी चढतं. जेवण लवकर आणि थोडं घ्या, चहा-तिखट कमी करा, मिश्री बंद. सारखा सोडा घेऊ नका. गिळताना अडकलं किंवा वजन आणखी उतरलं तर लगेच या, आत नळी घालून बघावं लागेल. उठताना म्हणाले, "उचकीसुद्धा त्यातलीच दिसते. औषधानं थांबेल."

मी खूश झाले. मायचं तोंड मात्र एवढंसं झालं. येताना मांजरसुंब्याला एसटी थांबली, मी चहा घेतला, तिला दिला नाही, म्हणून रुसली असेल असं मला वाटलं.

आठवडाभर राहून मी सगळं बसवून दिलं. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या. जेवण दिवेलागणीला. कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी. मिश्रीवरून तर दणकून भांडण झालं. पण जळजळ उतरली, उचकीही गेली. मी निर्धास्त होऊन परळीला आले. फोनवर विचारलं की म्हणायची, "बरं हाय."

संक्रांतीच्या आधी न सांगता गेले. दार उघडंच होतं. विटा काढून भिंतीला लावलेल्या, उष्टं ताट तसंच पडलेलं, आणि माय बाजेवर आडवी. छातीवर हात, डोळे मिटलेले, आणि उचक्यांमधून एकेक नाव घेणं चाललेलं. बहिणी झाल्या, भावजया झाल्या. मग माझं नाव घेतलं आणि श्वास रोखून वाट बघत राहिली.

मी दारातच उभी होते. आत जाऊन तिच्या उशाशी बसले आणि हळूच म्हटलं, "औषध का सोडलंस, माय?"

ती दचकली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "घेतलं की. घेतलं तवर एकदा बी उचकी आली न्हाई. रोज वाट बगायचे. मला वाटलं, तू इसरलीस."

मला रडूच आलं. तिला म्हटलं, भाकरी थापायला बसले की तुझी आठवण येते. ताटात ठेचा आला की येते. संध्याकाळ झाली की उगीचच येते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग सांगत जा की. मला कसं कळावं?"

आता रोज तिचं जेवण झालं की मी फोन करते. ती फोन कानाला लावून अंगणात फिरते, त्यामुळं लगेच आडवी होत नाही. विटा परत घातल्यात, कॅप्सूल चालू आहे, गाल जरा भरलेत. "आज कवा काढली आठवण?" असं ती विचारते आणि मी सांगते. खोटं कधी सांगावं लागत नाही.

पण फोन ठेवला की मला तिची सगळ्यात जास्त आठवण येते. ती आठवण मात्र आता उचकी होऊन तिला कळत नाही.