आण्णांचं गाऱ्हाणं

शिबिराच्या रविवारी सकाळी करवतवाले राईत आले. त्यांनी पहिल्या झाडावरचा आकडा वाचला आणि ते झाड पाडलं. आकडा माझ्या हातचा होता.

वालावलच्या बाजूच्या त्या देवराईला गाव नुसतं राई म्हणतं. गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालणारे आण्णा तिथे आम्हा शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना फिरवत. मी ग्रंथालयात नोकरी करणारी. राई पाहायच्या शिबिराची नावनोंदणी माझ्याकडे. तंबू बाहेर, कापणी झालेल्या मळ्यात. राईत शिरताना चपला काढायच्या आणि निघताना आण्णांसमोर खिसे झाडायचे. पान निघालं, बी निघालं, तर परत जाऊन ठेवायचं. एकाने विचारलं, "एवढ्याशा काटकीने काय होतंय?"

"तुझ्या घरातसून एक चमचो न्हेलो तर चलात?"

आण्णांना दमा होता. चढावर दर वीस पावलांनी ते थांबत आणि झाड दाखवायला थांबल्याचं सोंग करत. त्यामुळे आम्हांला झाडं पुष्कळ कळली.

मला मात्र नोंद हवी होती. जुन्या झाडांची यादी केली तर ती वाचतात, असं मी वाचलं होतं. "झाडाक आकडो घालू नको गो बाय," आण्णा म्हणाले. "आकडो घालतत तो तोडूक." मी ऐकलं नाही. शनिवारी आम्ही एकेचाळीस झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले. देवळाच्या सभामंडपासाठी काही झाडं तोडायचं ठरलं होतं आणि खूण दिसेल ती पाडा, असं ठेकेदाराने माणसांना सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं.

ते पहिलं झाड, किंजळ, पडल्याचा आवाज ऐकून आण्णा धावत आले. धावताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. दुसऱ्या झाडाला पाठ लावून त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

करवतवाले गावचेच. गाऱ्हाणं सुरू झालं की डोळे मिटून, हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणावंच लागतं. करवत थांबली.

आण्णांनी वाड्यांची नावं घेतली, मग घरांची, मग गुरांची. मध्येच माझ्याकडे बघून त्यांनी पायाने ओढ्याकाठचा चिखल दाखवला. आम्ही ओंजळी भरभरून आकडे लिंपू लागलो. अठरा. सव्वीस. आण्णांचा श्वास अडकला की करवतवाल्यांच्या मुकादमाच्या पापण्या हलत. तेहेतीस. "मुंबयक गेलेल्या पोरांका बरां ठेव म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" एकेचाळीस. मी चिखलाचा हात वर केला.

"आणि ह्या राईत आकडो नाय त्या झाडाक जो करवत लावीत, तो तुझो गुन्हेगार म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणत त्यांनी डोळे उघडले.

मुकादम झाडाझाडापाशी जाऊन आला. "आण्णानू, देवाक फसयलात?"

"देव बघीत होतो रे. डोळे तू मिटलंस."

मुकादम हसला नाही. करवत उचलून निघून गेला. आण्णा बसले ते उठले नाहीत. त्यांना उचलून घरी न्यावं लागलं.

पावसाळ्याच्या आत ते गेले. शेवटच्या भेटीत मी माफी मागू लागले, तर त्यांनी विचारलं, "राईतसून येताना खिसे झाडलंस मां?"

दर पावसात चिखल धुपतो आणि आकडे वर येतात. पाऊस सरल्यावर ते पुन्हा लिंपणं, हे शिबिराचं पहिलं काम. गावाने शब्द मोडलेला नाही. किंजळ पडली तिथेच आहे. राईतून काही बाहेर न्यायचं नसतं. तिच्यावरचा आकडा मी लिंपत नाही.