सहावा पॉइंट

डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात सकाळपासून पाच पॉइंट उरकले होते. एका कड्यावर उभा असताना माझं मन पुढच्या कड्यावर पोचलेलं असायचं. दुपारी आमचे म्हातारे गाइड धोंडूमामा यांनी मोकळ्या गवतात जीप थांबवली.

"इथे काय बघायचं?" मी घड्याळ बघत विचारलं.

"तुम्हाला काय नाय," म्हणत ते उतरले. चार पावलं गेले, चपला काढल्या आणि सपाट जमिनीवर पाय चांगला वर उचलून पलीकडे टाकला.

"उद्यान झालं तवा गाव उठलं. हितं आमचा उंबरा होता."

जीप सुटली. आजवर मी सहा घरं बदलली. मामा पुढचा धबधबा दाखवत होते, आणि माझ्या पायाला एकाही घराचा उंबरा आठवेना.