कपाटभर आवाज

माझे काका जन्मापासून आंधळे. हा शब्द त्यांनीच मला वापरायला लावला. लहानपणी कुणासमोर तरी मी म्हणाले होते, काकांना जरा कमी दिसतं. त्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सुनावलं होतं, कमी नाही, अजिबात दिसत नाही, वकिलाच्या घरात राहून खोटं बोलू नकोस. असा माणूस.

कोर्टात त्यांचा दरारा होता. साक्षीदार कुठे अडखळला, कुठे त्याने आवंढा गिळला, हे त्यांच्या कानातून सुटायचं नाही, आणि उलटतपासणीत ते नेमकं तिथेच बोट ठेवायचे. कलमं तर अशी तोंडपाठ की समोरचा वकील पुस्तकाची पानं उलटत बसलेला असायचा आणि यांचं बोलून झालेलं असायचं. कोर्टासमोर स्वतःचं ऑफिस, हाताखाली ज्युनियर, काकूंसोबत सुखाचा संसार. ज्या नातेवाइकांनी एकेकाळी 'याचं पुढे कसं व्हायचं' म्हणून उसासे टाकले होते, तेच पुढे जमिनीचे वाद घेऊन यांच्या दारात बसायला लागले.

पण हे सगळं उभं राहिलं ते माझ्या बाबांच्या घशावर.

बाबा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करायचे. काका कायदा शिकायला लागले तेव्हा ब्रेलमधली पुस्तकं मिळत नव्हती. मग बाबा कामावरून आले की केसांतला भुसा झटकायचे, हातपाय धुवायचे आणि पुस्तक घेऊन बसायचे. काका टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचे आणि बाबा वाचायला लागायचे.

त्यातलं बाबांना किती कळायचं देव जाणे, पण जिभेला हाड नव्हतं. कुठल्याशा घोड्याच्या सौद्याचा खटला वाचताना मध्येच म्हणाले म्हणे, "विकणारा लबाड, घेणारा बावळट, आणि परीक्षा मात्र तुझी." काकांना हे खपायचं नाही. ते टेप मागे घ्यायचे आणि त्या गमतीवरच बाबांना तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावायचे. आवाजात चढउतारसुद्धा नकोत, कारण काका टेप दुप्पट वेगाने लावून ऐकायचे आणि त्या वेगात चढउतार कानाला टोचायचे. बाबा हळूहळू सुतासारखे सरळ झाले. आई सांगते, लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या माणसाला वाचता येतं, बोलता येत नाही.

भरलेल्या कॅसेट कपाटात जायच्या. काकांनी मला एकदा त्यांचं गुपित सांगितलं होतं. अमुक कलम बाबांच्या खोकल्यानंतरचं, तमुक शेजारचा कुत्रा भुंकल्यानंतरचं, असं सगळं त्यांच्या डोक्यात लावून ठेवलेलं होतं. ज्युनियर पोरं त्यांच्या स्मरणशक्तीला हात जोडायची. तो खोकला कुणाचा हे त्यांना काय माहीत?

मग बाबांचा आवाज बसला. भुसा गेला असेल, गुळण्या करा, असं करत आम्ही सगळ्यांनीच ते अंगावर काढलं. शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायला सांगितलं. ऑपरेशनला थोडा अवकाश होता. आवाज घोगरा का होईना, अजून होता. मी काकांना म्हटलं, बाबांना बसवू या, काय वाटेल ते बोलू देत, आपण रेकॉर्ड करून ठेवू. काकांची बाहेरगावी मोठ्या खटल्याची तारीख होती, बॅग भरणं चाललं होतं.

"अगं, कशाला त्याच्या दुखऱ्या घशाला त्रास? माझ्याकडे कपाटभर आवाज आहे त्याचा."

मला पटलं. कपाट मी पाहिलेलं होतं.

तो खटला काका जिंकले. परतले तेव्हा बाबांच्या गळ्याला पट्टी होती. काका खाटेशी आले, जिंकल्याचं सांगितलं आणि बाबा काय म्हणतात याची वाट पाहत उभे राहिले. जन्माची सवय. बाबांनी हसून मान डोलावली, पण ते त्यांना कसं कळणार? तेव्हापासून एकाला दिसत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही आणि मधे मी. बाबा पाटीवर लिहितात, मी काकांना वाचून दाखवते. एरवी दोघं हातात हात घेऊन बसतात. पण हाताला थट्टा करता येत नाही.

एका रविवारी काकांनी जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणवला आणि कपाट उघडलं. पहिल्यांदाच त्यांनी टेप साध्या वेगाने लावली. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाले, "हा दमलेला आहे गं." इतकी वर्षं त्यांनी भावाला वेगात ऐकलं होतं, आणि वेगात दमणं ऐकू येत नाही. मला वाईट वाटलं आणि रागही आला. जगाचे आवंढे मोजणाऱ्या माणसाला घरातला श्वास ऐकू येऊ नये?

मग दर रविवारी तेच. बाबाही येऊन बसायचे. कॅसेटमागून कॅसेट, कलमामागून कलम, सगळं एका सुरात. बाबांचं स्वतःचं असं एक वाक्य नाही. काकांनीच एकेक पुसून काढलं होतं, आणि ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

कपाट तळाला आलं तेव्हा एका कॅसेटच्या सुरुवातीलाच बाबांचा आवाज आला. मोकळा, हसरा. मी तो असा विसरूनच गेले होते.

"अरे, आज वखारीत काय झालं माहितेय—"

लगेच काकांचा कोवळा आवाज. "दादा, टेप चालू आहे. छापलंय तेवढंच वाच."

"बरं," बाबा म्हणाले, आणि कलम सुरू झालं.

काकांनी टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे घेतली. मग टेप बंद करून ते बाबांच्या दिशेला वळले.

"दादा, काय झालं होतं रे त्या दिवशी वखारीत?"

बाबा बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाटीवर लिहिलं आणि ती माझ्याकडे सरकवली. काका मान पुढे काढून वाट पाहत होते. काहीतरी रचून सांगावं असं माझ्या अगदी ओठावर आलं. एखाद्या गाढव मुकादमाची गोष्ट, काहीही. पण मी लिहिलं होतं तेवढंच वाचलं.

"आठवत नाही."

काकांनी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले.