कडेला काढलेली कोथिंबीर

माझी बायको आरोग्य खात्यात आहे. शहरात जुलाबाची साथ पसरली तेव्हा ती घरोघर विचारत होती, "काय खाल्लं होतं?" कुणाला धड आठवेना. मग तिने प्रश्नच उलटा केला, "घरात ठणठणीत कोण आहे?"

एका घरात सगळे आडवे, फक्त सासरे बरे. सून वैतागून म्हणाली, "त्यांचे नखरेच फार. कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला काढतात." पुढच्या गल्लीतली एक शाळकरी मुलगीही तशीच. मग आजाऱ्यांना तिने फक्त कोथिंबिरीचं विचारलं, तर सगळ्यांच्या माना हलल्या. भाजीवाल्याला बोलतं करत ती मळ्यावर पोचली. जुड्या धुवायच्या हौदात शेजारचं गटार झिरपत होतं.

अख्ख्या शहराचं दुखणं तिने ताटाच्या कडेच्या चार पानांवरून हुडकलं.

माझ्या असल्याच नखऱ्यांवर ती लग्नापासून तोंडसुख घेत आलीय. साथ ओसरल्यावर एकदा जेवताना मी सवयीने कोथिंबीर कडेला सारली. ते बघून ती म्हणाली, "चालू दे तुझं. उद्या मी आडवी पडले, तर कशाने ते कळायला घरात कुणीतरी धडधाकट हवं."